रागाने रान पडीक टाकू नका
नव्या मतदारांशी चार गोष्टी



पेरणी, खते, कीडरोग यांच्या गोष्टी आपण नेहमीच करतो. आजचा विषय निराळा आहे, पण शेताबाहेरचा नाही. कांद्याची निर्यात, कालव्याचे आवर्तन, पीकविम्याचे नियम, गावचा रस्ता हे जिथे ठरते तिथे माणसे तुमच्याच मताने जाऊन बसतात.

शेतीशाळेच्या निमित्ताने गावोगावी बसणे होते. बोंडअळीचे बोलणे संपले, चहा आला, की तरुण मुले राजकारणाकडे वळतात. काही वर्षांपूर्वी ही मुले आपापल्या पक्षाची बाजू घेऊन एकमेकांशी कडाकडा भांडत. आता भांडण कमी झाले आहे आणि त्याच्या जागी एक कडवट बोलणे आले आहे. "मत देऊन काय होते, साहेब? आपण द्यायचे एकाला आणि ते जाऊन मिळायचे दुसऱ्याला." असे बोलणारा मुलगा काही विरोधक नसतो. त्याच पक्षाचा झेंडा त्याच्या मोटारसायकलीला होता, त्याच पक्षाच्या सभेला तो ट्रॉली भरून माणसे घेऊन गेला होता. विरोधकांवरचा राग मतपेटीत काढता येतो. आपल्याच पक्षावरचा राग कोठे काढावा हे मात्र त्याला उमगत नाही, आणि मग तो मतदानालाच जात नाही.

मी सरकारी नोकर माणूस. कोणाला मत द्या हे मी सांगणार नाही, सांगूही नये. पण तुमचा राग वाया जाऊ नये, त्याचे काही पीक निघावे, यासाठी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

हा राग खोटा नाही

पहिल्याने एक मान्य करू. तुमचा राग पोरकटपणाचा नाही. ज्याने २०१९ साली विधानसभेला पहिले मत दिले, त्याने पुढच्या पाच वर्षांत काय पाहिले? भाजप आणि शिवसेना एकत्र लढले. २८८ जागांपैकी त्यांना १०५ आणि ५६ मिळाल्या, म्हणजे बहुमत झाले. महिन्याच्या आत ती युती मोडली. २३ नोव्हेंबरला भल्या सकाळी एक शपथविधी झाला आणि ते सरकार चार दिवसही टिकले नाही. मग शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांचे सरकार आले. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. एका विधानसभेच्या मुदतीत तीन मुख्यमंत्री झाले आणि चारही मोठे पक्ष कधी ना कधी सत्तेत बसले. मतदाराला मधल्या काळात कोणी काही विचारले नाही.

दिल्लीकडे पाहावे तर तिथेही तेच. शेतमालाच्या व्यापाराविषयी तीन कायदे सप्टेंबर २०२० मध्ये झाले. ते चांगले की वाईट, यावर शेतकऱ्यांतही दोन मते होती आणि आजही आहेत. पण राज्यसभेत ते आवाजी मतदानाने मंजूर झाले, संसदेच्या समितीकडे तपासणीला गेले नाहीत. पुढे वर्षभर आंदोलन झाले आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी एकाच दिवशी दोन्ही सभागृहांत चर्चेवाचून ते मागे घेण्यात आले. म्हणजे कायदे ज्यांना हवे होते त्यांचे आणि ज्यांना नको होते त्यांचे म्हणणेही सभागृहात नीट ऐकले गेले नाही.

कांद्याची गोष्ट तर तुमच्या चाळीतलीच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातच बंद झाली. खर्च करून पिकवलेला माल चाळीत पडून राहिला आणि तुमच्या भागाचा खासदार, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, ती बंदी थांबवू शकला नाही.

खासदाराचे हात कशाने बांधले?

ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण रागाचे मूळ इथे आहे.

पूर्वी पक्ष बदलण्याला काही धरबंद नव्हता. हरियाणातील गयालाल नावाच्या आमदारांनी १९६७ साली पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि 'आयाराम गयाराम' हा शब्द देशभर झाला. या रोगावर औषध म्हणून १९८५ साली घटनेत दुरुस्ती झाली आणि पक्षांतरबंदीचा कायदा आला. पक्ष सोडला किंवा सभागृहात पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिले, तर सदस्यत्व जाईल, असे ठरले. एकतृतीयांश सदस्य फुटले तर मात्र माफी होती. ती पळवाट २००३ साली बंद झाली. दोनतृतीयांश सदस्यांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हावे, एवढीच सवलत उरली.

औषध चांगल्या हेतूने दिले, पण त्याचा दुसरा परिणामही झाला. एकट्या माणसाने आपल्या मतदारांसाठी पक्षाविरुद्ध मत दिले तर त्याची खुर्ची जाऊ शकते. मोठा गट करून निघाले तर वाद वर्षानुवर्षे चालतो आणि तोवर मुदत संपत येते. शिवसेनेची फूट जून २०२२ मधली. त्यावरचा विधानसभा अध्यक्षांचा निर्णय आला जानेवारी २०२४ मध्ये. एक शेळी कुंपणाबाहेर गेली तर तिला कोंडवाड्यात घालायचे आणि अख्खा कळप गेला तर नवे कुंपण बांधून द्यायचे, असा हा प्रकार झाला.

त्यातून निर्यातबंदी होते ती सरकारच्या अधिसूचनेने. तिच्यावर संसदेत मतदानही होत नाही. तेव्हा खासदाराच्या हाती राहते काय? मंत्र्यांना भेटणे, सभागृहात प्रश्न विचारणे आणि पक्षाच्या बैठकीत ठासून बोलणे. या गोष्टींना कायदा आड येत नाही. पण त्या तो तेव्हाच करतो, जेव्हा गावातून कोणी त्याला विचारणारा असतो.

पक्ष कोणाचा, सातबारा कोणाच्या नावावर?

आता आपल्या पक्षाविषयी. पक्ष फुटले तेव्हा नाव आणि चिन्ह कोणाचे हा वाद निवडणूक आयोगापुढे गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये धनुष्यबाण आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये घड्याळ, वेगळ्या झालेल्या गटांना मिळाले. निकाल बरोबर की चूक या वादात आपण पडायला नको. आपल्या कामाची गोष्ट निराळी आहे. आयोगाने निकाल देताना वजन टाकले ते आमदार-खासदारांच्या संख्येवर. पक्षसंघटनेत बहुमत कोणाचे, याचा भरवशाचा हिशेब लावता आला नाही. वीस-वीस वर्षे सतरंज्या उचलणारा, भिंती रंगवणारा, बूथवर उपाशी बसणारा कार्यकर्ता मोजणीत आलाच नाही.

असे का झाले? तुमच्या गावच्या दूध संस्थेशी ताडून पाहा. तिथे सभासदांची यादी असते. दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. अहवाल छापतात, ताळेबंद वाचतात. फॅटच्या हिशेबात दहा पैशांचा फरक पडला तर सभासद उठून उभा राहतो. सगळ्याच संस्था धुतल्या तांदळासारख्या आहेत असे मी म्हणत नाही, पण विचारायला जागा आहे आणि विचारणारा आहे. तुमच्या पक्षाच्या तालुका शाखेत शेवटची निवड मतदानाने केव्हा झाली? वर्गणी किती जमली, खर्च किती झाला, हे सभासदांना कोणी वाचून दाखवले काय? बहुतेक ठिकाणी पदे वरून वाटली जातात आणि उमेदवारीही वरूनच येते. काँग्रेससारख्या जुन्या पक्षात अध्यक्षपदासाठी २०२२ साली मतदान झाले, ते २००० सालानंतर पहिलेच. इतर बहुतेक पक्षांत तर अशी लढत ऐकिवातही नसते.

पैशाचेही तसेच. २०१८ ते २०२४ या काळात निवडणूक रोख्यांतून पक्षांना देणग्या मिळत होत्या आणि देणारा कोण हे मतदाराला कळत नव्हते. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली. पैसा वरून येत असेल तर पक्षाला खालच्या दोन रुपयांच्या वर्गणीची गरज राहत नाही, आणि वर्गणीची गरज नसली की वर्गणीदाराच्या प्रश्नाचीही राहत नाही.

घरी बसून कोणाचे बिघडते?

"मग नोटाचे बटण दाबतो," असे काही जण म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने हा हक्क मिळाला आहे आणि तो वापरायला हरकत नाही. पण त्याचे फळ काय मिळते ते माहीत असावे. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीण मतदारसंघात नोटाला २७ हजारांवर मते पडली आणि ते दुसऱ्या क्रमांकावर आले. पलूस-कडेगावातही २० हजारांवर मते मिळवून नोटा दुसरेच आले. दोन्हीकडे पहिल्या क्रमांकाचा उमेदवार निवडून आला, आणि तोही मोठ्या फरकाने. नोटा हा नापसंतीचा निरोप आहे. विधानसभा-लोकसभेची निवडणूक त्याने रद्द होत नाही.

घरी बसण्याने तर निरोपही पोचत नाही. न आलेल्या मतदाराची नोंद 'आला नाही' एवढीच होते. तो रागावला होता की कापसाच्या वेचणीला गेला होता, हे यंत्राला कळत नाही.

उलट मत दिल्याने काय होते तेही पाहा. नाशिक आणि दिंडोरी या कांद्याच्या पट्ट्यात २० मे २०२४ रोजी लोकसभेचे मतदान होते. निर्यातबंदी ४ मे रोजी उठली, शुल्क आणि किमान निर्यात मूल्य मात्र राहिले. दिंडोरीत केंद्रात राज्यमंत्री असलेल्या उमेदवार पराभूत झाल्या. सप्टेंबरमध्ये, विधानसभेच्या तोंडावर, किमान मूल्य काढले गेले आणि शुल्क निम्म्यावर आले. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. याच राज्याने मे-जूनमध्ये लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा एका आघाडीला दिल्या आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या सुमारे २३० जागा दुसऱ्या बाजूला दिल्या. यातले कोणते बरोबर हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण मतदार कोणाच्या दावणीला बांधलेला नाही, एवढे दोन्ही बाजूंना त्या वर्षी कळले. मताचा धाक असतो तो असा.

पहिली पायरीच काढून घेतली होती

तरुणांच्या नाराजीचे आणखी एक कारण आहे, त्याची चर्चा कमी होते. राजकारण शिकण्याची जागा म्हणजे ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते, पुढे मुख्यमंत्री झाले. आर. आर. पाटील सांगली जिल्हा परिषदेत दशकभर सदस्य होते, मग आमदार, मग गृहमंत्री. साध्या घरातला मुलगा या पायऱ्यांनी वर चढत असे. पण बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. निवडणुका घ्या, असे सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये सांगावे लागले. जो २०२२ साली अठरा वर्षांचा झाला तो उमेदवारीला पात्र होण्याच्या वयाचा, म्हणजे एकवीस वर्षांचा, झाला तरी त्याला आपल्या गटाचा सदस्य निवडण्याची संधी मिळालेली नव्हती.

आणि जिथे पायरी आहे तिथे आपणच ती विकावी? नाशिक जिल्ह्यातील उमराणे गावात सरपंचपदासाठी देवळाच्या नावाने दोन कोटी रुपयांच्या वर बोली लागली. नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळीतही लिलाव झाला. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये दोन्ही ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या. "बिनविरोध झाले, गावात भांडण नको," हे ऐकायला गोड वाटते. पण बोलीच्या सभेत ज्याच्या खिशात पैसा नाही त्याला तोंड नसते. चांगली पोरे रुसून घरी बसली की अशा बोली लावणाऱ्यांचे फावते.

आता करायचे काय?

पीक वाईट आले म्हणून कोणी रान पडीक टाकत नाही. पडीक रानात हराळी माजते आणि पुढच्या वर्षी दुप्पट खर्च येतो. तेव्हा कामाच्या गोष्टी सांगतो.

पहिली, यादीत नाव. मताचे वय २१ वरून १८ झाले ते १९८९ साली, घटना दुरुस्त करून. हा हक्क हलका समजू नका. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चार तारखांना वय पाहतात. सतरा पूर्ण झाले की अर्ज आगाऊ देता येतो. नव्या नावासाठी नमुना ६, पत्ता किंवा चूक दुरुस्त करण्यासाठी नमुना ८. नव्या सुनेचे नाव माहेरच्या यादीत राहते आणि तिचे मत बुडते, हे अनेक घरांत घडते. तिचा अर्ज लग्नानंतर लगेच भरा.

दुसरी, उमेदवाराची तपासणी. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजल्याशिवाय तुम्ही सोयाबीन पेरत नाही. उमेदवाराला नमुना २६ चे शपथपत्र द्यावे लागते. त्यात मालमत्ता, कर्ज आणि गुन्ह्यांचे खटले लिहिलेले असतात आणि ते सर्वांना पाहता येते. गुन्हे दाखल असलेल्याला उमेदवारी का दिली, याचे कारण पक्षाने जाहीर करावे, असाही आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला आहे. आपल्या पक्षाचा म्हणून शपथपत्र वाचायचे टाळू नका. आपल्याच पक्षाचे आधी वाचा.

तिसरी, पक्षात राहायचे तर सभासद म्हणून राहा. मोबाइलवरून एक कॉल केला म्हणजे कोणी खरा सभासद होत नाही. तालुक्याच्या बैठकीला जा, प्रश्न लेखी द्या, चार जणांच्या सह्या घ्या. यादी कोठे आहे, निवड केव्हा, हिशेब कोणाकडे, हे तीनच प्रश्न पुरेत. पद मिळणार नाही कदाचित. पण असे दहा जण एका तालुक्यात झाले तर नेत्याला पक्ष बदलण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा लागेल. पक्षात राहून लोकांचे काम करता येते, याची उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले, आणि जन्मभर एकाच शेतकरी कामगार पक्षात राहिले. वि. स. पागे सत्ताधारी पक्षाचे होते. त्यांच्या चिकाटीतून रोजगार हमी उभी राहिली, १९७२ च्या दुष्काळात लाखो हातांना तिने काम दिले आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. २००५ साली केंद्रानेही रोजगार हमीचा कायदा केला.

चौथी, पक्षाबाहेरचा मार्गही आहे. चाकणच्या कांदा आंदोलनातून शरद जोशींची शेतकरी संघटना उभी राहिली तेव्हा तिच्यात सगळ्या पक्षांचे शेतकरी होते. भावाच्या प्रश्नावर एक व्हायला झेंडा आड येऊ देऊ नका.

पाचवी, ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ती होते हे तुम्हाला ठाऊक आहे, पण तरुण तिथे किती दिसतात? गणपूर्तीला गावच्या मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांतील जो आकडा कमी असेल तेवढी माणसे लागतात. तेवढीही जमत नाहीत, म्हणून सभा तहकूब होते आणि नंतरच्या सभेत पाच-दहा डोकी सगळे ठरवतात. महिलांची सभा आधी घेण्याची तरतूद आहे. निम्म्या जागा २०११ पासून त्यांच्या आहेत. लेकी-सुनांना तिथे जाऊ द्या, बोलू द्या. दिल्लीत तुमचे मत लाखांतले एक. ग्रामसभेत ते शंभरातले एक आहे.

वडीलधाऱ्यांना विनंती

"आपले घर आजोबांपासून अमक्या पक्षाचे," असे सांगून पोरांची तोंडे बंद करू नका. तुमची निष्ठा खरी होती, कारण तुमच्या वेळी नेता दारात येऊन विचारपूस करी. आज पोरे प्रश्न विचारतात ती उद्धटपणाने नव्हे, तर त्यांनी पाच वर्षांत जे पाहिले त्यामुळे. सुनेने, लेकीने कोणाला मत द्यावे हे ठरवून देऊ नका. घरात एकाच पक्षाची चार मते असण्यापेक्षा, विचार करून दिलेली चार मते असणे केव्हाही बरे. आणि भाऊबंदकी निवडणुकीच्या निमित्ताने उकरू नका. नेते पुन्हा एका गाडीत बसतात. बांधावरचे वैर मात्र पिढ्यानपिढ्या राहते.

तरुण मित्रांनो, पक्षाने फसवले असे वाटत असेल तर ते पक्षाला तोंडावर सांगा, मतपेटीत सांगा, गावच्या चावडीवर सांगा. गप्प बसून सांगता येत नाही. येत्या ग्रामसभेची नोटीस लागली की पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून गावात काय झाले, एवढा एकच प्रश्न कागदावर लिहून न्या आणि उत्तराची नोंद इतिवृत्तात झाल्याशिवाय उठू नका.